दोघांचा ट्रेक

डोंगरात किमान चार जणांनी जावं, असं गिर्यारोहणाच्या शिबिरात पहिल्याच दिवशी सांगतात. त्यामागचा हिशेब सरळ आहे. एक जण पडला तर एक त्याच्यापाशी थांबतो आणि उरलेले दोघं मदत आणायला खाली जातात. कुणालाच एकटं राहावं लागत नाही, एकटं चालावंही लागत नाही. नवरा-बायको दोघंच निघाले की हा हिशेब सुरुवातीलाच कोलमडतो. एकाचा पाय मुरगळला तर दुसऱ्यानं त्याला सोडून जायचं की त्याच्यापाशी बसून राहायचं? दोन्ही वाईटच. तरी जोडपी जातात. आम्हीही जातो, कारण मोठ्या ग्रुपमध्ये डोंगर कमी आणि अंताक्षरी जास्त होते. जावंच. फक्त आठ जणांच्या ट्रेकमधून सहा वजा केले की दोघांचा ट्रेक झाला, असं धरून निघू नये. सॅक भरण्यापासून परत फिरण्याच्या वेळेपर्यंत बरंच काही वेगळं ठरवावं लागतं. ते कसं, हे राजगड-तोरणा या जोडट्रेकवरून बघू.

ही वाट उदाहरणाला घेण्याचं कारण म्हणजे तिचे दोन दिवस दोन स्वभावांचे आहेत. पहिल्या दिवशी गुंजवणे गावातून चोर दरवाजानं राजगडावर जायचं. वाट मळलेली असते, शनिवार-रविवारी तर माणसांची रांगच असते, आणि वर ताक-लिंबू सरबत विकणारी गावातली मंडळी भेटतात. दुसऱ्या दिवशी संजीवनी माचीवरच्या अळू दरवाजानं बाहेर पडून लांबच लांब धारेवरून तोरण्याची बुधला माची गाठायची आणि वेल्ह्यात उतरायचं. तिथं सावली जवळपास नाही, पाण्याचा भरवसा नाही आणि आडवारी गेलात तर दिवसभर माणूस दिसेलच असं नाही. दोघांनीच असण्याची खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी होते. पण तयारी पहिल्या दिवसाच्या आधी घरातच करावी लागते.

हंगाम नोव्हेंबर ते जानेवारी. पावसाळ्यात सह्याद्री देखणा असतो, पण धारेवर धुकं उतरलं की दहा पावलांपुढचं दिसत नाही आणि कातळावर शेवाळ असतं. पहिल्यांदा जाणाऱ्या जोडप्यानं तेव्हा एखादा गडच करावा, जोडट्रेक नको. फेब्रुवारीपासून ऊन तापतं, गवत वाळतं आणि पाण्याचं ओझं इतकं वाढतं की बाकी सामानाला जागा उरत नाही.

आता वेळेचा अंदाज. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये एक ठोकताळा मांडला, तो आजही जगभर वापरतात. आजच्या मापांत सांगायचं तर पाच किलोमीटरला एक तास, आणि चढाच्या दर सहाशे मीटरला आणखी एक तास. दुसऱ्या दिवसाचं अंतर बारा किलोमीटर आणि एकूण चढ आठशे मीटर धरला, तर नेस्मिथच्या हिशेबानं पावणेचार तास होतात. आपल्याकडचं ऊन, घसारा, पाठीवरची सॅक आणि फोटो धरून ते सरळ दुप्पट करायचं. म्हणजे साडेसात तास. तोरण्यावरून वेल्ह्यात उतरायचे दोन-अडीच तास वेगळे. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. तेव्हा सकाळी सहाला निघालात तर हे गणित अंधाराच्या आत आरामात बसतं. आठला निघालात तर वेल्ह्यात पोचेपर्यंत सूर्य मावळायला टेकतो आणि थोडा उशीर झाला तरी टॉर्च लागणार, हे कागदावरच कळतं.

सॅक भरण्याची आमची पद्धत अशी. जमिनीवर चादर पसरायची आणि दोन ढीग करायचे. जोडप्यांची सवय असते की संसार वाटून घ्यायचा: जेवणाचं सगळं एकाकडे, पाणी दुसऱ्याकडे, टॉर्च तिच्या सॅकमध्ये, औषधं त्याच्या. घरात ही वाटणी सोयीची असते. डोंगरात दोघांची ताटातूट झाली, तर एकाकडे भाकरी असते पण पाणी नसतं आणि दुसरा अंधारात पाण्याची बाटली घेऊन बसतो. म्हणून नियम असा, की प्रत्येक सॅक एकटीच्या बळावर एक रात्र काढू शकली पाहिजे. दोघांच्याही सॅकमध्ये स्वतःचं पाणी, कपाळावरचा टॉर्च, शिट्टी, चिक्की किंवा खजूर, एक गरम कपडा, एक क्रेप बँडेज, थंडीवाऱ्यात अंगाभोवती गुंडाळायची ती पातळ चंदेरी चादर आणि थोडे रोख पैसे. त्यात एक कागदही असतो: नाव, रक्तगट, कसली ॲलर्जी, घरच्या दोन माणसांचे नंबर. आपल्या जोडीदाराचा नंबर आपल्यातल्या किती जणांना पाठ असतो, हे एकदा विचारून बघा. आणि तो नंबर पाठ असूनही उपयोग नाही, कारण तो जोडीदार तुमच्याबरोबर डोंगरातच आहे. घरी बसलेल्या माणसाचा नंबर हवा.

एवढं झालं की उरतं ते सामाईक सामान: स्टोव्ह, पातेलं, चहा-साखर, पॉवर बँक, मोठी चटई. यातलं काय कुणाकडे, हे वेगावरून ठरवायचं. जो भरभर चालतो त्याच्याकडे जड वस्तू. आमच्यात मी पुढे पळणारी आहे, त्यामुळे स्टोव्ह आणि पातेलं माझ्याकडे, आणि पहिल्या गावात बघणाऱ्यांना नवऱ्याची दया येते की माझी, ते कळत नाही. यात बाई-पुरुष हा प्रश्नच नसतो. दोघांच्या चालीतला फरक वजनानं मिटवता येतो, एवढंच. फक्त कुणाच्याही पाठीवर त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नको. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि दुसऱ्या दिवसासाठी माणशी चार लिटर धरायचं असतं. त्यामुळे पाचवा हिस्सा बघता बघता भरतो आणि जादाचा शर्ट आपोआप घरी राहतो.

चालायला लागलं की चालीचा प्रश्न खरा पुढे येतो. जोडप्यांची भांडणं डोंगरात बहुतेक चढावर होतात, आणि त्यांची रीत ठरलेली असते. भरभर चालणारा पन्नास पावलं पुढे जातो, झाडाखाली बसतो, पाणी पितो, मागच्याची वाट बघतो. मागचा धापा टाकत पोचतो आणि पुढचा म्हणतो, ‘चला, निघू या.’ म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज नव्हती त्याची विश्रांती झाली, आणि ज्याला होती त्याला ती मिळालीच नाही. असं चार-पाच वेळा झालं की मागच्याचा पारा चढतो आणि पुढच्याला कारणच कळत नाही. उपाय सोपा आहे. चढावर हळू चालणाऱ्यानं पुढे राहायचं आणि दुसऱ्यानं मागून त्याच्याच चालीनं यायचं. चाल अशी ठेवायची की दोघांनाही अख्खं वाक्य दम न लागता बोलता यावं. वाक्य मध्येच तुटायला लागलं तर चाल जास्त आहे. मग वारंवार थांबावं लागत नाही, आणि एकूण वेळही कमी लागतो.

विश्रांती कुठं घ्यायची, हे आपला डोंगरच सांगतो. सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा बनलेला आहे. एकावर एक थर साचले, घट्ट थरांचे कडे उभे राहिले आणि ठिसूळ थर झिजून त्यांचे उतार आणि सपाट्या झाल्या. म्हणून इथला चढ सलग नसतो. खडी चढण, मग झाडीचा सपाट पट्टा, मग पुन्हा चढण. त्या मधल्या पट्ट्याला पदर म्हणतात. थांबायचं ते पदरावर, सावलीत, बसून, पाच-दहा मिनिटं. खड्या चढाच्या मध्ये थांबलं की पोटऱ्या आखडतात आणि पुन्हा चालू लागायचा कंटाळा येतो.

गुंजवण्याच्या वाटेवर शेवटचा टप्पा कातळाचा आहे. तिथं लोखंडी रेलिंग आहे, पण दगड पावलांनी घासून गुळगुळीत झालेला आहे. अशा ठिकाणी प्रेमापोटी एक चूक हमखास घडते. नवरा वर जातो, मागे वळून हात खाली देतो आणि बायकोला ओढून घेतो. ओढणारा स्वतः अर्धा वाकलेला असतो, त्याचं वजन पुढे गेलेलं असतं. खालच्याचा पाय सटकला तर दोघं जातात. हात देऊ नये. एकानं पूर्ण वर जाऊन बाजूला, रेलिंगला धरून उभं राहावं आणि तोंडानं सांगावं: उजवा पाय त्या खोबणीत, आता हात वर. दोन पाय आणि दोन हात यांपैकी तीन टेकलेले असल्याशिवाय चौथा हलवायचा नाही. आणि चढताना, तसंच उतरताना, कुणी दुसऱ्याच्या बरोबर खाली उभं राहायचं नाही. वरून निसटलेला दगड नेमका तिथंच येतो.

चोर दरवाजातून शिरून चार पायऱ्या चढलं की एकदम पद्मावती तळं समोर येतं. पद्मावती माचीवर महाराणी सईबाईंची समाधी आहे. त्या १६५९ मध्ये याच गडावर निवर्तल्या. तोरण्यावर सापडलेल्या धनातून मुरुंबदेवाच्या डोंगरावर हा गड उभा राहिला असं सांगतात, म्हणजे या ट्रेकचे दोन्ही डोंगर इतिहासातही जोडलेलेच आहेत. गडाला पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या आणि वर बालेकिल्ला. त्या दुपारी सगळं बघायचा मोह होतो. दोघांनी बसून ठरवावं: बालेकिल्ला की सुवेळा माचीवरचं नेढं? संजीवनी दुसऱ्या दिवशी वाटेतच आहे. गुडघे उद्यासाठी राखायचे आहेत.

मुक्कामाचं आधी विचारून घ्यावं. पद्मावती देवीच्या देवळात ट्रेकर वर्षानुवर्षं झोपत आले, पण राजगड संरक्षित स्मारक आहे आणि गडावर राहण्याचे नियम बदलत असतात. गुंजवण्यात चौकशी करूनच चढावं. वर राहता येत नसेल तर खाली गावात घरगुती सोय होते. पिठलं-भाकरी, ठेचा, अंगणात झोपायला जागा. मग पहाटे टॉर्चच्या उजेडात चढून दुसरा दिवस सुरू करावा लागतो, म्हणजे वेळेचं गणित तीन तासांनी लांबतं. तसं असेल तर तोरणा सोडून द्यावा आणि राजगडच नीट बघावा, असं माझं मत.

गावात एक प्रश्न ठरलेला आहे: ‘दोघंच आलाय? बाकीचे कुठं आहेत?’ यात कुणी खोचकपणा शोधू नये. विचारणाऱ्या मावशींना नातं जाणून घ्यायचं असतंच, पण त्याहून जास्त, रात्री कुणी हरवलं तर आपल्याच पोरांना टॉर्च घेऊन जावं लागतं, हे त्यांना माहीत असतं. नीट उत्तर द्यावं. कुठून आलो, उद्या कुठं जाणार, किती वाजेपर्यंत वेल्ह्यात पोचणार, सगळं सांगावं. हेच तुमचं डोंगरातलं रजिस्टर. तोरण्याच्या धारेसाठी गावातून वाटाड्या मिळत असेल तर मी तर घ्यावा म्हणते. पैसे आधी ठरवायचे आणि त्याच्या जेवणाचं-पाण्याचंही आपण बघायचं. तिसरा माणूस आला की सुरुवातीचा तो हिशेब पुष्कळ सुधारतो. त्यानं दोघांच्या एकांताचं नुकसान होतं म्हणाल, तर वाटाडे बहुतेक वेळ पन्नास पावलं पुढेच असतात.

बायकांच्या सोयीबद्दल लेखांत कुणी लिहीत नाही, म्हणून लिहिते. आडोशाला जाताना दुसऱ्यानं वाटेवर थांबून पाठ फिरवून उभं राहायचं आणि कुणी येत असेल तर हाक द्यायची. वाटेपासून लांब जाऊ नये, कड्याच्या बाजूला तर मुळीच नाही. पाण्याच्या टाक्यापासून पन्नास-साठ पावलं दूर. पाळीचे दिवस असतील तर वेगळी झिपलॉक पिशवी, आतून वर्तमानपत्राचा कागद, आणि वापरलेलं सगळं परत घरी आणायचं. जाता येतं की नाही, हे जिचं तिनं ठरवायचं. बायका कमी पाणी पितात कारण सारखं जावं लागेल अशी भीती असते. त्यानं दुपारी डोकं धरतं. जोडीदारासोबत असण्याचा एक मोठा फायदा हा, की इथं संकोच करायचं कारण नाही.

दुसरा दिवस. अळू दरवाजातून बाहेर पडलं की सोंडेवरून उतार लागतो. उतारावर गुडघे दुखतात, कारण मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच वजन रोखून धरतात. पावलं छोटी ठेवायची, गुडघा किंचित वाकलेला, काठी पुढे. आदल्या रात्री पायाची नखं कापलेली नसतील तर अंगठ्यांना इथं कळतं. घसाऱ्यावर क्रम बदलायचा: आता भक्कम पायाचा खाली, पण सरळ रेषेत नाही, बाजूला.

धार चुकण्यासारखी नसते असं सांगतात, आणि लांबून बघितलं तर ते खरंही वाटतं. प्रत्यक्षात झाडीच्या टप्प्यांत ढोरवाटा फुटतात. त्या मळलेल्या, रुंद आणि सोप्या असतात, पण गुरांना तोरण्यावर जायचं नसतं, कारवीतून गवताकडे किंवा पाण्याकडे जायचं असतं. ओळखायची खूण: माणसाची वाट साधारण धारेला धरून राहते, ढोरवाट आडवी उताराला लागते आणि हळूहळू विरते. दहा मिनिटं वाट विरत चालली असेल तर शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत परत यायचं. आणि इथंच दोघांच्या ट्रेकमधलं सर्वांत धोक्याचं वाक्य कुणीतरी बोलतं: ‘तू इथं थांब, मी पुढे वाट बघून येतो.’ सॅक खाली ठेवून, हलका होऊन तो जातो. झाडीत आवाज पोचत नाही. तो परत येतो ते थोड्या वरच्या अंगाला, आणि ती दरम्यान काळजीनं त्याच्या मागे निघालेली असते. एकाच डोंगरात दोघं एकमेकांना शोधत राहतात. म्हणून वाट दोघांनी मिळून शोधायची, सॅक पाठीवर ठेवून. अगदीच वेगळं व्हावं लागलं तर दिसण्याच्या किंवा शिट्टीच्या टप्प्यात, पाच मिनिटं घड्याळ लावून, आणि थांबणाऱ्यानं जागा सोडायची नाही, काहीही झालं तरी.

मध्यावर एक डांबरी रस्ता धार ओलांडतो. या ट्रेकची खरी किल्ली तो रस्ता आहे. परत फिरण्याची वेळ घरीच ठरवायची असते, आणि ती इथं लावायची: दहाच्या आत रस्त्यावर नसलो तर तोरणा पुढच्या वेळी. ही वेळ आयत्या वेळी ठरवायला गेलं की ठरत नाही. एक दमलेला असतो पण बोलत नाही, दुसऱ्याला तोरणा हवा असतो आणि तो दमलेल्याच्या गप्प राहण्याला होकार समजतो. आमच्याकडे नियम आहे की एकाचं ‘नको’ पुरे, कारण द्यायचं नाही, मागायचंही नाही. आणि रस्त्यावर पोचल्यावर आधी खायचं-प्यायचं, मग ठरवायचं. उपाशीपोटी आणि पाण्यावाचून माणूस चिडचिडा होतो, हे सासूबाईंनाही माहीत असतं. लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, वर लिंबू. हे दोघांनी अर्धं अर्धं प्यायलं की निम्मे वाद तिथंच मिटतात.

रस्त्यापुढे चढ सुरू होतो तो बुधला माचीपर्यंत. १४०३ मीटर उंचीचा तोरणा समोर उभा असतो आणि ऊन डोक्यावर असतं. वरच्या कातळात एकेकानंच चढायचं. कड्याच्या कपारीत आग्या मोहोळ दिसलं तर गप्प, बिनाधूर, बिनाअत्तर पुढे निघायचं. माशा उठल्याच तर हात झटकत उभं राहू नये. तोंड झाकून तिथून दूर जायचं, पण कड्याच्या बाजूनं पळू नये.

आणि पाय मुरगळलाच तर? पहिली पाच मिनिटं काहीच ठरवायचं नाही. बसायचं, सावली करायची, पाणी द्यायचं. मग फोन: धारेवर आणि माथ्यावर रेंज बऱ्याचदा मिळते, घळीत मिळत नाही, त्यामुळे थोडं वर जाऊन बघावं. ११२ हा देशभराचा आपत्कालीन क्रमांक. महाराष्ट्रात डोंगरातल्या सुटकेसाठी महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे. त्यांचा हेल्पलाइन क्रमांक निघण्याआधीच दोघांच्या फोनमध्ये आणि त्या कागदावर लिहून ठेवावा. रेंज नसेल तर शिट्टी: मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. उत्तर म्हणून तीन शिट्ट्या येतात. हाक मारून घसा बसतो, शिट्टीला दम लागत नाही. जोडीदाराला सोडून जावंच लागलं, तर त्याला सावलीत, वाटेवरून दिसेल अशा जागी बसवायचं, स्वतःजवळ गावापर्यंत पुरेल तेवढं पाणी ठेवून बाकी सगळं त्याच्याकडे ठेवायचं, आणि फोनच्या नकाशावर त्या जागेची खूण करून तिचे अक्षांश-रेखांश कागदावर लिहून घ्यायचे. फोन बंद पडतो, कागद पडत नाही.

तोरण्यावर मेंगाई देवीच्या देवळापाशी थोडं थांबून बिनी दरवाजानं उतरायला लागायचं. दमलेले पाय इथंच घसरतात, म्हणून उतरताना बोलणं कमी आणि रेलिंगवर हात. वेल्ह्यात पोचलं की घरच्या माणसाला ‘उतरलो’ असा मेसेज करायचा. तो आठपर्यंत आला नाही तर कुणाला फोन करायचा, हे त्याला निघतानाच सांगून ठेवलेलं असतं. मेसेज विसरलात तर तुम्ही हॉटेलात मिसळ खात असताना गावातली पोरं टॉर्च घेऊन निघतील.

शेवटचा प्रश्न गाडीचा, आणि तो बहुतेकांना वेल्ह्यात पोचल्यावर सुचतो. दुचाकी गुंजवण्यात, आणि तुम्ही डोंगराच्या पलीकडे. ग्रुपमध्ये दोघं जाऊन गाड्या घेऊन येतात. तुमच्यात संध्याकाळी कुणी एकानं जायचं आणि दुसऱ्यानं स्टँडवर दोन सॅका राखत बसायचं, असं होतं. म्हणून पहिल्या दिवशी सकाळी गाडी आधी वेल्ह्यात लावावी, तिथून मार्गासनी-साखरकडे जाणारी एसटी किंवा जीप पकडून गुंजवणे गाठावं. एसटीच्या वेळा स्वारगेटला विचारून घ्याव्यात. सकाळचा तास-दीड तास जातो, पण तेव्हा पाय ताजे असतात.